उजव्या बाजूचा जादा पाटा

पोस्टिंग ऑर्डर आली तेव्हा मी लान्स नाईक होतो. डोंगरातल्या एका रस्त्यावर आमची छोटी रिपेअर डिटॅचमेंट होती. रसद घेऊन वर जाणाऱ्या आणि आजारी जवान घेऊन खाली येणाऱ्या गाड्या चालू ठेवायच्या, एवढंच आमचं काम. सकाळी पीटी, फॉलइन, चहा आणि मग दिवसभर गाडीखाली. लोकांना वाटतं फौजी म्हटला की बंदूक. माझ्या हातात बंदुकीपेक्षा पाना जास्त राहिला.

पहिल्याच दिवशी एका ट्रकखालून आवाज आला, "कुठला बे तू?"

"बीडचा. नेकनूर."

ग्रीस माखलेलं एक तोंड बाहेर आलं. "मी लिंबागणेशकडचा. एवढ्या लांब आलो तरी नेकनूरवाल्यांनी पिच्छा सोडला न्हाई."

हा नाईक भीमराव. माझा सीनियर आणि त्या दिवसापासून माझा दोस्त.

त्याच्या कामाच्या दोन सवयी होत्या. एका अंगाला झुकलेली गाडी आली की आम्ही सगळे खाली बसलेल्या बाजूकडे धावायचो. भीमराव उलट बाजूला जायचा. "आजारी बाजू आंधळ्याला बी दिसती. चांगल्या बाजूला आधी इचारावं, बाई, तुझं कसं चाललंय?" दुसरी सवय तारेची. गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानपाट्यांचे नट सैल होऊ नयेत म्हणून तो वरून तारेचा पीळ द्यायचा आणि तारेचं टोक आत वळवून दाबून टाकायचा. बाकीचे टोक तसंच सोडायचे. मी एकदा विचारलं, कामून एवढा वेळ घालवतोस? तर म्हणाला, "आपल्यामागं कुणीतरी इथं हात घालणार ना बे. त्याचा हात कापायला नको."

त्या वर्षी बीडमध्ये दुष्काळ होता. आम्ही बर्फ वितळवून चहा करायचो आणि भीमराव पातेल्याकडे बघून म्हणायचा, "यातलं एक टोपलं गावाकडं न्यायला पाहिजे होतं." उन्हाळ्यात तो सुट्टीवर जाऊन आला. मी विचारलं, सुट्टी कशी गेली?

"गाडीखाली."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसलो आणि विषय तिथंच राहिला.

पुढं काही आठवड्यांनी, सकाळचा चहा चालू असताना, रेडिओवर कॉल आला. अँब्युलन्स वरच्या वळणावर बसली आहे. आत दोन पेशंट. मागचा पाटा तुटलाय. ओव्हर.

सुभेदार साहेबांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "निकलो."

ते वळण बदनाम होतं. वरून दगड सुटायचे. अँब्युलन्स दरीच्या बाजूला झुकून उभी होती. भीमराव खाली घुसला, जॅक लावला, एक्सल आणि चासीच्या मध्ये लाकडी ठोकळा बसवून तारेनं आवळला. मी वर नजर ठेवून होतो. गाडी सरळ झाली. त्यानं ड्रायव्हरला हात दाखवला आणि अँब्युलन्स खाली निघाली. दोन्ही पेशंट वाचले, हे आम्हाला नंतर कळलं.

आम्ही आमच्या गाडीकडे आलो. भीमराव थांबला.

"जॅक राहिला बे. स्टोअरवाला माझं डोकं खाईल."

तो परत गेला. वरून आवाज आला. मी ओरडलो. त्यानं मान वर केली, तेवढंच मला दिसलं.

मी रेडिओ घेतला. "एक जवान दगडाखाली. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

मी नाव सांगितलं.

पुढं मी हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. आमच्याकडे कुठलाही फौजी घरी परतला की 'मेजर' होतो. सरकारनं न दिलेली बढती गावानं दिली. नेकनूरला छोटं गॅरेज टाकलं. भीमरावच्या घरी वर्षातून एकदा जायचो. बुद्धाच्या मूर्तीशेजारी त्याचा वर्दीतला फोटो होता. त्याची बायको, कमलवहिनी, चहा द्यायच्या आणि समोर बसायच्या. गावातल्या बायकांच्या दूध सोसायटीत त्या कामाला लागल्या होत्या. ड्रायव्हिंग शिकल्या आणि सोसायटीची पिकअप स्वतः चालवायच्या.

मग पुन्हा तसाच एक दुष्काळ पडला. एका सकाळी वहिनी पिकअप घेऊन माझ्या दारात आल्या. गाडी कमरेत लचक भरलेल्या म्हातारीसारखी डावीकडे झुकली होती.

"भावजी, येवढी गाडी सरळ करून द्या. वळणावर कॅन कलंडायलेत. काल दूध सांडलं. चेअरमन म्हणायलेत, गाडी भंगारात घाला आन् दूध ठेकेदाराच्या टेम्पोत पाठवा. शनिवारी मीटिंग हाय. मग मी काय करू?"

शेतात काडी नव्हती. वहिनींचं घर त्या स्टीअरिंगवर चाललं होतं.

डाव्या बाजूचे पाटे त्यांनी बीडमध्ये दोनदा ठोकून आणले होते. तरी झुकाव जाईना. शेवटी त्यांनी घरातलं जुनं जातं उचलून हौद्यात उजव्या अंगाला ठेवलं होतं. "ह्याच्यानं जरा सरळ चालती," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, दळण बी करता का जाता जाता?" त्या हसल्या. लई दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं.

माझ्या गॅरेजसमोर उतार आहे. झुकलेली गाडी उतारावर तपासणं म्हणजे वाकड्या तराजूत ज्वारी मोजणं. गावाबाहेरचा पाझर तलाव पार आटला होता. तळाची माती भेगाळलेली, पण सपाट. आम्ही गाडी तिथं नेली. गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं मी जमीन समपातळीत आहे का ते पाहिलं. जातं खाली उतरवलं. चारही टायरांची हवा सारखी केली. चाकापासून हौद्यापर्यंतची उंची बाभळीच्या काठीनं मोजली. डावी बाजू चांगली चार बोटं खाली होती.

हात सवयीनं डावीकडेच जात होता. मग भीमराव आठवला. चांगल्या बाजूलाही विचारायला हवं होतं.

आधी डाव्या कोपऱ्यावर उभा राहून उड्या मारल्या. पाटा दबला आणि वर आला. तंदुरुस्त होता. मग उजव्या कोपऱ्यावर उड्या मारल्या. गाडी हललीच नाही. दुखणं इकडं होतं. मी पोतं अंथरून खाली शिरलो. वर्षानुवर्षांचा चिखल आणि शेण पाट्यांवर वाळून बसलं होतं. ते खरवडलं आणि पाटे मोजले. डावीकडच्यापेक्षा एक जास्त होता.

नटांवर तारेचा पीळ होता. टोक आत वळवून दाबलेलं.

मी तिथंच पडून राहिलो. वहिनी बाहेरून म्हणाल्या, "भावजी, सापडलं का?"

"वहिनी, ह्या बाजूला कुणी काम केलं होतं?"

"ह्यांनीच केलतं की. शेवटच्या सुट्टीत. तवा गावाला पाणी न्हवतं. सोसायटीनं उजव्या अंगाला पाण्याची टाकी बसवलती. जाताना दूध, येताना पाणी. टाकीनं गाडी बसायली, म्हणून ह्यांनी एक पाटा जादा घातला. सगळी सुट्टी गाडीखाली काढली. ती बाजू तर चांगली व्हती, म्हणून म्या बोलले न्हाई."

"टाकी कुठं गेली?"

"गंजली. मागच्या साली कापून टाकली."

मी बाहेर आलो आणि त्यांना सांगितलं. गाडी डावीकडे झुकलेली नाही, उजवीकडून उचललेली आहे. जे ओझं पेलायला पाटा घातला ते ओझं उतरलं, पाटा मात्र अजून तेवढाच जोर लावून उभा आहे. भीमराव गेल्यावरही रोज सकाळी दोन कप चहा ओतायची सवय मला कितीतरी वर्षं होती, ते मला आठवलं.

वहिनींनी वाकून उजव्या चाकामागं पाहिलं.

"म्हणजे तो पाटा काढायचा."

"व्हय. न्हाईतर गाडी भंगारात."

"त्यांच्या हातचं आता दुसरं कायबी उरलं न्हाई, भावजी."

मी पेटीतून पक्कड काढली. वहिनींनी पदर खोचला. "आणा ती पक्कड. काढायचं तर मीच काढीन."

जॅक मी लावला. खाली लाकडी ठोकळे दिले. वहिनी पोत्यावर आडव्या झाल्या आणि हात वर घातला. तिथं आत दिसत नाही, चाचपावंच लागतं. सांभाळून, असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही. गरज नव्हती. त्यांनी पक्कडीनं एकेक पीळ सोडवला, उरलेला बोटांनी उलगडला आणि तार घेऊन बाहेर आल्या. मी त्यांना म्हटलं, "हात दाखवा."

बोटांना ग्रीस होतं. कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

मग मी त्यांना भीमरावच्या त्या टोकाची गोष्ट सांगितली. आपल्यामागं कुणीतरी इथं हात घालणार, असं तो म्हणायचा. वहिनी त्या भेगाळलेल्या मातीवर बसल्या आणि तार मुठीत धरून रडल्या. मीही रडलो. दगडाखालून त्याला काढलं तेव्हा मी रडलो नव्हतो.

दुपारपर्यंत पाटा निघाला. पिकअप चारही चाकांवर सरळ उभी राहिली. निघताना मी आधी जॅक उचलला आणि गाडीत ठेवला. ती सवय मला त्या वळणावर लागली.

शनिवारच्या मीटिंगला वहिनी कॅन भरून स्वतः गाडी घेऊन गेल्या. चेअरमननी पिकअपभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "चालू द्या."

तो पाटा आता दूध केंद्रासमोरच्या कडुलिंबाला टांगलेला आहे. दूध घालायची वेळ झाली की वहिनी त्यावर बोल्टनं टोले देतात आणि बाया कॅन घेऊन निघतात. मी तिथं असलो की बोलणं थांबवतो. नाईक भीमराव कामावर हजर आहे, असं वाटतं. टोल्यांचा आवाज विरतो आणि मला कळतं, तो नाही.