येतंय मला!

जगात जे काही आहे ते आपल्याला येतं, आणि जे येत नाही ते अजून कुणी आपल्याला विचारलेलं नाही, अशी माझ्या होस्टेलमधल्या रूम पार्टनरची पक्की समजूत होती. ती पाचोडकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मी अख्खा धडा पाठ करूनही ऐन वेळी तोंड न उघडणारी. औरंगाबादेत नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हा दोघींना एकच खोली मिळाली. ट्यूटर बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर जायचा, "येतंय मला!" उत्तर बऱ्याचदा चुकायचं, पण ते इतक्या खणखणीत आवाजात यायचं, की बरोबर उत्तर लिहिलेल्या आम्ही मुकाट्यानं आपलंच खोडायचो. यकृत डावीकडे असतं असं तिनं ठणकावून सांगितलं, तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलींनी हळूच आपापलं पोट चाचपून पाहिलं होतं.

एकदा पाहिलं की आलं, हे तिचं शिक्षणशास्त्र. भावाला सायकल चालवताना पाहिलं होतं, तेवढ्या भांडवलावर तिनं एकीची सायकल घेतली, उस्मानपुऱ्याच्या उतारावर सोडली आणि सरळ एका शिंप्याच्या दुकानात शिरली. म्हाताऱ्या चाचांनी मशीन थांबवून शांतपणे विचारलं, "बेटी, ब्रेक नहीं है क्या?" ही अंगावरची कापडं झटकत म्हणाली, "हाय की चाचा. पर ते मी अजून बघितलं नाय!" इंजेक्शन शिकायची वेळ आली तेव्हा आम्ही सगळ्या मोसंबीवर सराव करायचो. आम्ही आधी नेम धरायचो, श्वास रोखायचो. ही गप्पा मारता मारता पाण्यानं भरलेली सुई टोचायची आणि म्हणायची, "बघ, त्या मोसंबीला कळलं बी नाय." तिच्या औदार्यामुळे त्या काळात आमच्या मजल्यावरच्या सगळ्या मोसंब्या पाणचट लागायच्या.

मग वॉर्डातली पाळी आली. तिच्या वाट्याला दौलताबादचा एक पैलवान आला. पायाची जखम चिघळलेली, रोज पेनिसिलिन. एवढा आडदांड गडी, पण सुई दिसताच त्यानं डोळे घट्ट मिटले आणि पुटपुटला, "सिस्टर, जरा हळू हं." तेवढ्यानं हिचा हात थरथरायला लागला. ती त्या दंडाकडे बघत राहिली. मोसंबी कधी काही बोलली नव्हती. तिनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि भरल्या वॉर्डातून सरळ बाहेर पडली.

खोलीवर आले तर ही ट्रंक भरत होती. "जाते मी गावाकडं. मला काय बी येत नाय," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मी ट्रंकेतले कपडे परत बाहेर काढायला लागले. तिला येतं म्हणून मलाही कधीतरी येईल, अशा हिशेबावर मी तिथं टिकले होते. मी काहीबाही बोलत होते, तेवढ्यात ट्यूटर बाई दारात उभ्या राहिल्या. वाटलं, आता बोलणी बसणार. पण बाई तिच्या ट्रंकेचं झाकण लावून त्यावर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "माझाही हात थरथरला होता. ज्याचा थरथरत नाही त्याची मला जास्त भीती वाटते. उद्या माझ्या शेजारी उभी राहा. येत नसेल तिथं मला विचार."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं. सुई कुठं, किती तिरकी, किती खोल, सगळं विचारलं. पैलवानानं कॉट आवळून धरली. जरा वेळानं एक डोळा उघडून म्हणाला, "कवा देणार सिस्टर?"

"दिलं की!"

"व्हय? मंग रोज तुम्हीच येत जा."

ती हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसत राहिली.

त्यानंतर तिनं शंका विचारून बाईंना सळो की पळो करून सोडलं, आणि पास होऊन ती लांबच्या आरोग्य केंद्रावर रुजू झाली. मी तोंडी परीक्षेत तोंड न उघडल्यामुळे आणखी एक वर्ष होस्टेलवरच राहिले. निरोप देताना मी रडले नाही. तिच्या जागी आलेली मुलगी फार गुणी होती. पाय न वाजवता चालायची, मनातल्या मनात वाचायची, दिवा लावायच्या आधीसुद्धा मला विचारायची. अशी शांत खोली मिळाल्याबद्दल मजल्यावरच्या सगळ्या माझा हेवा करायच्या. मला मात्र त्या शांततेत एक ओळ पाठ होईना.