मास्तरांच्या नावावरची गाडी

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. आठवडा बाजाराचा दिवस, सकाळचे साडेनऊ. वळणावर एका पांढऱ्या मोटारीने मासळी विकणाऱ्या बाईंना धडक दिली आणि चालक न थांबता निघून गेला. बाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. आम्ही पोचलो तेव्हा लोक रस्त्यावर सांडलेले बांगडे गोळा करून त्यांच्या पाटीत भरत होते.

घटनास्थळाचा पंचनामा केला. मोटारीच्या पुढच्या दिव्याच्या काचेचे सात तुकडे सापडले. मी ते दोनदा मोजले. आमचा हवालदार कंटाळून म्हणाला, "साहेब, काच ती काच. मोजूची कित्याक?"

"सहा लिहिलेस आणि कोर्टात सात निघाले, तर तू जाऊन उत्तर देशील?" मी म्हणालो. त्याने मुकाट्याने तिसऱ्यांदा मोजले.

समोरच्या टपरीवाल्याने गाडीचा नंबर पाहिला होता. संगणकावर घातला तर मालक म्हणून बावीस किलोमीटरवरच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकांचे नाव आले. वय एकाहत्तर. गाडीचा विमा तीन वर्षांपूर्वी संपलेला.

मास्तर ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी चालकाची माहिती देण्याविषयीची नोटीस हातात दिली. ती त्यांनी पूर्ण वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "ही गाडी मी चार वर्षांपूर्वीच विकली, साहेब."

"कोणाला?"

"तालुक्याच्या एजंटाला. माझाच विद्यार्थी. पुढे त्याने कोणाला दिली, ते मी विचारले नाही."

मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्यांनी सही करून दिले होते. घेणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा. सोबत गाडीच्या नोंदणीची मूळ आरसी, विम्याचा कागद, किल्ली. स्वतःकडे झेरॉक्स एकही नाही. आत उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीला राहवले नाही.

"एकतीस वर्सां पोरांका सांगलास, वाचल्याशिवाय सही करू नको म्हणान. आणि स्वतः काय केलास?"

"अगो, तो माझो विद्यार्थी!"

"म्हणानच सांगतंय. तुमीच शिकवलास ना तेका?"

एजंटाने हात वर केले. कोणी गिऱ्हाईक येऊन गाडी घेऊन गेले, नाव आठवत नाही, नोंद ठेवलेली नाही. अपघाताच्या सकाळी पत्नी बाजाराला गेल्या होत्या आणि मास्तर घरी एकटेच होते, तसे सांगणारा साक्षीदार नाही. मास्तर खरे बोलत आहेत याची मला खात्री होती, पण माझी खात्री दोषारोपपत्राला जोडता येत नाही. कागदावर मालक ते होते. खरा चालक मिळाला नाही तर आरोपी म्हणून त्यांचेच नाव जाणार होते. ज्या माणसाला गाव आजही वाटेत थांबून नमस्कार करतो, त्याला सत्तरीनंतर बाई उडवून पळालेला चालक म्हणून कोर्टात उभे राहावे लागणार होते.

चौथ्या दिवशी जखमी बाईंची जाऊ ठाण्यात आली. तीही गावोगाव मासळी विकणारी. डोक्यावरची पाटी दाराबाहेर ठेवून तिने आत येऊन सांगितले, "साहेबानू, आमच्या फेरीतल्या एका गावात निळ्या ताडपत्रीखाली पांढरी गाडी आसा. तो माणूस बांगड्याक कधी नाय म्हणणारो न्हय. बाजाराच्या दिसापासून माका बघल्यार दार लावन घेता."

मासळीवालीला कोणाच्या घरी कधी चूल पेटली हेही माहीत असते. इतकी पक्की खबर मला पगारी खबऱ्यानेही क्वचित दिली असेल. तासाभरात पंचांना घेऊन आम्ही तिथे पोचलो. ताडपत्री काढली. नंबर तोच. डाव्या बाजूला पोचा आणि डावा दिवा कोरा करकरीत. उजवा मात्र जुनाट पिवळा.

घरमालक पंचेचाळिशीचा, पर्यटकांना खोल्या देणारा. ठाण्यात आणल्यावर तो एकदम शुद्ध मराठीत बोलू लागला.

"आरसी बघा ना साहेब. नाव कोणाचे आहे? मास्तर बाजाराच्या दिवशी गाडी माझ्या आवारात ठेवून गेले. मी फक्त जागा दिली."

"मास्तरांची ओळख कशी?"

"तोंडओळख. पण कागद बघा, कागद खोटे बोलतात का?"

दोन तासांत त्याने मला अकरा वेळा कागद बघायला सांगितले. मी टिपून ठेवत होतो. स्वतःची गाडी असलेला माणूस पोलिसांना इंजिन, टायर, ॲव्हरेज असे काहीबाही सांगत सुटतो. हा गाडीबद्दल एक शब्द बोलत नव्हता. गाडी नावावर न करण्याचा फायदा त्याला पुरता कळला होता. शेजाऱ्यांकडे चौकशी केली, तर भावकीचा मामला. कोणालाच काही दिसले नव्हते.

पण गाडीच्या झडतीत एक गोष्ट माझ्या नजरेत राहिली होती. स्टिअरिंगच्या दांड्याला लाल कापडात बांधलेली सुपारी. मी याच जिल्ह्यातला. आमच्याकडे गाडी, होडी, बैल, काहीही नवीन घेतले की ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घालतात. गुरव मोठ्याने देवाला सांगतो, कोणी काय घेतले, कोणाकडून घेतले. जमलेले लोक 'व्हय महाराजा' म्हणून त्याला होकार देतात.

मी देवळात गेलो. म्हातारे गुरव निर्माल्य काढत होते.

"साहेबानू, देवाक पोलीस ठाण्यात ओढू नकात."

"देवाक नाय, तुमका इचारतंय. त्या गाडयेचा गाऱ्हाणा कोणी घातला?"

त्यांनी हातातले निर्माल्य परडीत ठेवले आणि म्हणाले, "घातलंय मीच. देवासमोर बोललेला बाहेर नाय कसा म्हणू?" आणि देवाकडे वळून त्यांनी ते जसेच्या तसे म्हटले. "हे बा देवा महाराजा! ह्या तुझ्या लेकरान मास्तरांकडली पांढरी गाडी इकत घेतल्यान आसा. आजपासून ती तेची. रस्त्यार तेका सांभाळ रे महाराजा!"

त्या दिवशी 'व्हय महाराजा' म्हणायला कोण कोण होते, ते विचारले. नऊ नावे मिळाली. त्यातल्या एकाच्या मोबाइलमध्ये पूजेचा फोटो होता: हार घातलेली गाडी, स्पष्ट नंबर आणि शेजारी किल्ली उंच धरून हसणारा आमचा खोल्यावाला. फोटोखाली तारीख, पावणेचार वर्षांपूर्वीची. गुरवांचा आणि दोघांचा जबाब घेतला.

ठाण्यात परतल्यावर मी फोटो दाखवला नाही. इतकेच म्हणालो, "गाडी मास्तरांची, हेच तुझे म्हणणे ना? चल देवळात. गुरव तसे गाऱ्हाणे घालतील, 'देवा, ही गाडी माझी नाय, कधीच नव्हती.' तुझ्या मागे उभा राहून 'व्हय महाराजा' मी म्हणतो."

त्याची शुद्ध मराठी तिथेच संपली.

"तसा नको, साहेब. तसा नको." त्याने कपाळ धरले. "माझीच गाडी. बाई एकदम पुढ्यात इली. मी घाबरलंय."

पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, म्हणून मी तिच्यावर थांबलो नाही. जुना दिवा कुठे टाकला ते त्याने पंचांसमक्ष दाखवले: माडाच्या बागेत, झावळांच्या ढिगाखाली. त्या दिव्यात काचेचा एक मोठा तुकडा अडकून राहिला होता. रस्त्यावरचे सात आणि हा आठवा, प्रयोगशाळेने कडेला कड जुळवून एकच काच असल्याचा अहवाल दिला. हवालदाराने तो वाचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरा झाला मोजलव ता."

दोषारोपपत्र खऱ्या चालकावर गेले. मास्तरांचे नाव त्यात आरोपी म्हणून नव्हते. पण बाईंच्या भरपाईच्या दाव्यात नोंदणीकृत मालक म्हणून ते राहिलेच, आणि तिथे मी काही करू शकत नव्हतो. मास्तर रुग्णालयात बाईंना भेटून आले आणि मला म्हणाले, "गाडी मी चालवत नव्हतो, हे तुम्ही सिद्ध केलेत. पण तो कोरा रकाना माझाच. त्या बाईंच्या पायाचे मला टाळता यायचे नाही, आणि मी टाळणारही नाही."

या प्रकरणाने मला माणसांबद्दल एक गोष्ट शिकवली. आपल्या भागात लोक देवासमोर सांगितलेला व्यवहार मोडत नाहीत, आणि त्यामुळेच तो कागदावर पुरा करायचा राहून जातो. विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख आणि वेळ लिहून सही घ्यावी, चौदा दिवसांत आरटीओला कळवावे, आणि आपले नाव निघाले की नाही हे स्वतः संगणकावर बघावे. एजंट विद्यार्थी असो की सख्खा भाऊ.

हे लिहायचा अधिकार मला थोडा उशिरा मिळाला. दोषारोपपत्र पाठवले त्या संध्याकाळी घरी जाऊन मी माझी फाइल उघडली. सहा वर्षांपूर्वी सावंतवाडीच्या मेहुण्याला दिलेली माझी स्कूटर अजून माझ्याच नावावर होती. दुसऱ्या दिवशी त्याला आरटीओत बोलावले.

"काय भावोजी, माझ्यार इस्वास नाय?" तो दुखावल्यासारखा म्हणाला.

"इस्वास आसा रे. चौदा दिस कधीच संपले," मी म्हणालो, आणि फॉर्मवरचा नावाचा रकाना त्याच्यासमोर सरकवला. तो भरून होईपर्यंत मी माझी सही केली नाही.