पुक्किलाच्या मालकांचं बाळंतपण

वेहमायार्वी गावातल्या झाडून सगळ्या प्रतिष्ठितांच्या पाठी कुस्तावाने पाहिल्या होत्या. तीस वर्षं ती सौनात, म्हणजे वाफेच्या लाकडी न्हाणीघरात, तुंबड्या लावत होती. आधी माणसाला वाफेत नीट शेकून काढायचं, मग पाठीवर फासण्या मारायच्या, त्यांवर गाईच्या शिंगांची टोकं चिकटवायची आणि नासलेलं रक्त ओढून काढायचं. चर्चच्या पाळकाचं रक्त गुराख्याच्या रक्तापेक्षा वेगळं दिसतं असं तिला कधी आढळलं नाही, पण हे ती बोलली नाही. सौनात जे दिसलं ते सौनातच राहायचं, हा तिच्या धंद्याचा एकमेव नियम होता. त्या भरवशावरच मालकापासून मोलकरणीपर्यंत सगळे तिच्यापुढे निर्धास्त उघडे होत.

१९१८च्या जानेवारीत यादवी सुरू झाली. देश रशियाच्या तावडीतून सुटून दोन महिनेही झाले नव्हते. बाहेरचा शत्रू उरला नाही म्हटल्यावर फिनलंडच्या लोकांनी तो घरातच शोधला. उत्तर गोऱ्यांची, म्हणजे सरकार आणि जमीनदारांच्या बाजूची झाली, दक्षिण लालांची, म्हणजे क्रांती करू पाहणाऱ्या कामगार-गड्यांची. वेहमायार्वी दक्षिणेला पडत असल्यामुळे गावाला आपण क्रांतिकारक असल्याचं कळलं. नेस्तोरी शिंपी लाल तुकडीचा सेनापती झाला, कारण दंडावर बांधायचं लाल कापड गावात फक्त त्याच्याकडे होतं. कुस्तावाचा एकुलता एक मुलगा विह्तोरी त्या तुकडीत शिरला. तुकडीत बूट मिळत होते आणि दोन वेळचं सूप. आठवड्याभरापूर्वीपर्यंत तो पुक्किलाच्या वाडीवर गडी होता, तिथे पाइनच्या सालीची भाकरी मिळायची आणि शिव्या पोटभर. तुकडीने त्याला बंदूक दिली, गोळ्या दिल्या नाहीत, आणि बर्फावरून घोडा ओढतो ती स्लेज हाकायला लावलं.

पुक्किलाचे मालक यालमारी हे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. बाकीचे मालक लोक रातोरात उत्तरेला पळाले, यांची मात्र ऐनवेळी कंबर धरली. देशप्रेम उतू जात असलं तरी वाकता येत नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ते गोणपाटाखाली लपून कुस्तावाच्या सौनात आले. पाठीवर अकरा शिंगं लागली होती, तेवढ्यात त्यांना शोधत शिंपी आणि त्याचे सहा जण अंगणात उभे राहिले. त्यांत विह्तोरीही होता.

रक्ताने भरलेला एप्रन तसाच ठेवून कुस्तावा दारात आली.

"आत बाळंतीण आहे," ती म्हणाली.

त्या अंगणातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सौनात जन्मलेला होता. बाई अडलेली असताना ते दार पुरुष उघडत नाही, क्रांती असो की आणखी काही. शिंप्याने तरी कोण बाई म्हणून विचारलंच.

"येतोस का नाळ कापायला? मग कळेल कोण ते."

आतून कण्हण्याचा आवाज आला. मालकांना चार मुलं होती, आणि चारही वेळा बाहेर उभं राहून त्यांनी हा आवाज ऐकला होता. त्यांनी तो उत्तम वठवला, मधे एकदा देवाची करुणाही भाकली. शिंप्याने टोपी काढली. विह्तोरीने मात्र तो गळा ओळखला, कारण चार वर्षं त्याच गळ्यातून त्याने शिव्या खाल्ल्या होत्या. तो एवढंच म्हणाला, की चला रे, बाई मोकळी होऊ दे. त्याच दिवशी अंधार पडल्यावर त्याने तुकडीच्या स्लेजमध्ये गवत भरलं, गवताखाली मालकांना घातलं आणि गोठलेल्या तलावावरून पलीकडच्या गोऱ्यांच्या हद्दीत नेऊन सोडलं. उतरताना मालकांनी त्याला घोड्याचा लगाम फार ओढतोस म्हणून सुनावलं.

एप्रिलमध्ये लालांचं तांपेरे शहर पडलं, आठवड्याने गोऱ्यांच्या मदतीला आलेल्या जर्मनांनी हेलसिंकी घेतलं, आणि मे महिन्यात विजयी गोऱ्या सैन्याचं मोठं संचलन झालं. नेस्तोरी शिंप्याला खडीच्या खाणीत उभं करून गोळी घातली. त्या कामी कोर्टाला त्रास दिला नाही. विह्तोरीला हजारो इतरांबरोबर दक्षिणेच्या कैदी छावणीत कोंबलं. तिथे माणसं उपासमारीने रोज मरत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पण कायदा कायदा असतो. प्रत्येक कैद्याबद्दल त्याच्या गावच्या गोऱ्या रक्षक दलाने लेखी मत द्यायचं, मग कोर्ट निकाल करणार. वेहमायार्वीच्या दलाचे प्रमुख होते पुक्किलाचे मालक.

कुस्तावाला हायसं वाटलं. जूनमध्ये ती वाडीवर गेली, तेव्हा मालक पाहुण्यांना आपली शौर्यकथा ऐकवत होते. लालांच्या हातावर तुरी देऊन तीन आठवडे ते जंगलात एकटे राहिले होते म्हणे, छातीशी बंदूक आणि कमरेएवढा बर्फ. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बर्फ गुडघ्याएवढा होता. त्या कथेवर त्यांना एक पदकही मिळालं होतं.

पाहुणे गेल्यावर कुस्तावाने पोराचं नाव काढलं. मालकांनी दार लावून घेतलं.

"लिहितो ना. पोरगा चांगलाच आहे. पण ते सगळं जसंच्या तसं कसं लिहायचं, कुस्तावामावशी? कोर्टात मोठमोठे लोक बसलेले असतात."

"मग कसं लिहिता?"

त्यांनी लिहिलं, की विह्तोरीने एका अडलेल्या स्त्रीचं लाल गुंडांपासून रक्षण केलं. 'अडलेल्या स्त्रीचं' हे शब्द त्यांनी दोनदा वाचून दाखवले. कुस्तावाला हे बरोबर वाटलं नाही, पण शेवटी मत चांगलं होतं. ती आभार मानून घरी आली.

कोर्ट गोऱ्यांचं असलं तरी फिनिश होतं. जुलैत उलट टपाली विचारणा आली: सदर स्त्रीचं नाव काय, मुलाची जन्मतारीख काय, आणि चर्चच्या नोंदवहीतला उतारा सोबत का जोडलेला नाही? वेहमायार्वीत जन्मलेलं प्रत्येक मूल पाळकाच्या वहीत चढतं. फेब्रुवारीत गावात एकही मूल जन्मलं नव्हतं. भुकेच्या वर्षात कोण जन्माला येतं. मालकांनी मूल मेलेलं जन्मलं असं सुचवून पाहिलं. पाळक म्हणाला, मेलेलीही वहीत असतात.

आता रक्षण केलेली व्यक्ती म्हणून एकच नाव लिहिता येत होतं. कुस्तावाने ते लिहायला सांगितलं. मालकांनी खिडकीतून कुरणाकडे बोट दाखवलं.

"गवत कापून होऊ दे. डोकं शांत करून नीट लिहू."

"तिथं पोरं गवत खातायत, मालक."

"माझीही काही अब्रू आहे, मावशी. उद्या लोक मला काय म्हणतील?"

हे सगळं रविवारी चर्चच्या टेकडीवर साऱ्या गावासमोर बोलून टाकीन, एवढं म्हणायला तिला एक श्वास पुरला असता. ते तिच्या जिभेवर आलं आणि तिने गिळलं. तीस वर्षांत तिने कुणाची पाठ चव्हाट्यावर आणली नव्हती. शिवाय माणसाच्या मनात कधीतरी देव जागा होतो, असं तिला वाटायचं. दर शनिवारी ती वाडीवर जात राहिली. गवत कापून झालं, मग राय धान्याची कापणी आली. हेलसिंकीत त्या दिवसांत देशाला राजा कुठून आणावा याची चर्चा रंगात आली होती, आणि मालकांना त्यावरही मत द्यायचं होतं.

ऑगस्टच्या अखेरीस छावणीतून छापील कागद आला. विह्तोरी अकरा दिवसांपूर्वीच मेला होता. नाव हाताने भरलं होतं, तेही चुकीचं लिहून खोडलेलं. कुस्तावा कागद घेऊन चुलीपाशी बसली आणि मोठ्याने रडली. मेलेल्या लालासाठी रडायची त्या उन्हाळ्यात परवानगी नव्हती, पण आपल्याच घरात कोण विचारतो. तिला मालकांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी ती पाळकाच्या कचेरीत गेली. बाकावर गावातल्या पाच बायका आपापल्या कामासाठी थांबल्या होत्या. पाळकाने वही उघडली, विह्तोरीचं पान काढलं आणि मृत्यूचं कारण विचारलं.

"लाज," कुस्तावा म्हणाली.

पाळकाने चष्म्यावरून बघितलं. "कुणाची?"

"पुक्किलाच्या मालकांची. आणि माझी."

मग तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. कंबर धरली तिथपासून सुरुवात केली, पाठीवरची अकरा शिंगं सांगितली, मालक कसे कण्हले ते सांगितलं, गवताची स्लेज सांगितली, गवताची कापणी सांगितली. पाचही बायका जागच्या हलल्या नाहीत. त्यातली एक मधेच हसली आणि लगेच डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून रडायला लागली. संध्याकाळपर्यंत जंगलातला बर्फ साऱ्या गावात वितळलेला असणार हे पाळकालाही कळलं.

त्याने टाक दौतीत बुडवला. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात 'पोटाचा विकार' असं लिहिलं, टीपकागद दाबला आणि पुढच्या बाईला बोलावलं.