आत्याचा मदरबोर्ड

आत्या कुणालाही जवळ घेण्याआधी नळाला हात लावायची. कुसगावच्या तिच्या घराच्या पडवीत, मोरीच्या कडेला एक पितळी नळ होता. आम्ही भावंडे सुट्टीत फाटकातून आत शिरलो की ती हातातले काम टाकून उठायची, आधी नळावर पंजा टेकवायची आणि मग आम्हाला पोटाशी धरायची. सगळ्यांच्याच आत्या असे करतात असे मला बरीच वर्षे वाटत होते. एका मैत्रिणीच्या आत्याने मला थेट कवेत घेतले, तेव्हा मी दचकून मागे सरले होते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. माहेर इंदुरीचे, सासर कुसगावचे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हते. तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात सव्वीस वर्षे ती सर्किट बोर्ड तपासायच्या कामावर होती. मनगटाला पट्टा, पट्ट्याची वायर जमिनीत, डोळ्याला भिंग. अंगात साठलेली वीज बोटातून बोर्डात उतरली तर आतले भाग जळतात, म्हणून तो पट्टा. घरी पट्टा नव्हता, म्हणून जमिनीतून आलेला नळ.

"आत्या, मी काय बोर्ड आहे का?" मी एकदा विचारले.

"बोर्डाचं बरं असतंय, बदलून मिळतो," ती म्हणाली. "करंट लागला की लगीच कळत न्हाई बग. वरनं समदं झ्याक दिसतं, आन सा म्हैन्यानी बंद पडतंय."

मोठी झाल्यावर मी थोडे वाचले आणि शहाणपणा केला. जुलैत आपल्याकडे बरणीतल्या मिठाचे पाणी होते, एवढ्या ओल्या हवेत अंगात कसली वीज साठणार, असे तिला सांगितले. "मला ठावं हाय," आत्या म्हणाली. "पर हाताला कुटं ठावं हाय?"

तिची दुसरी सवय म्हणजे कुठल्याही वस्तूची आधी पाठ बघणे. वांगे उलटे करून, साडी उलट्या बाजूने, स्टीलचे ताट बुडाकडून. "तोंड समद्यांनाच रंगवता येतं. पाठ बगावी," असे म्हणायची. कारखान्यातल्या बाया तिला मागून 'रिजेक्टबाई' म्हणत. हे तिला माहीत होते आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. माझ्यासाठी कार्ल्याचे एक स्थळ आले होते. त्यांच्या घरी चहा-पोहे चालू असताना आत्या हात धुण्याच्या निमित्ताने उठली आणि त्या घराला मागून एक चक्कर मारून आली. बाहेर पडल्यावर वडिलांना म्हणाली, "म्होरं चकचकीत टाइल, आन मागं मोरीवर झाकन न्हाई. रिजेक्ट." त्या मुलाने मला एवढी पुस्तके वाचून फायदा काय झाला असे विचारले होते. तेव्हा आत्याचा निकाल ऐकून मला आतून फार बरे वाटले. पुढे मी लोणावळ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले आणि दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तिच्याकडे जेवायला जाऊ लागले.

निवृत्त झाल्यावर ही बाई भजनात रमेल, असा घरातल्यांचा अंदाज होता. ती रमली ट्रकमध्ये. मी तिला दिलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर कुणीतरी एक गेम घालून दिला होता. परदेशातल्या रस्त्यांवरून मालाचा ट्रक न्यायचा आणि वेळेत पोचवायचा. सव्वीस वर्षे कंपनीच्या बसच्या खिडकीतून हायवे बघितलेल्या बाईच्या हाती आता स्टिअरिंग आले. ती नियमाने चालवायची. चिटपाखरू नसलेल्या चौकात लाल दिव्याला थांबायची. मोकळ्या रस्त्यावरही वळताना इंडिकेटर द्यायची. तिचा माल कधीच वेळेत पोचत नसे.

"आत्या, दिवा तोडलास तरी कुणी विचारत नाही," मी पुस्तकातून डोके वर काढून म्हणायची.

"कोन इचारंल म्हनून थांबते व्हय मी?"

पण लॅपटॉप म्हातारा होता. डोंगर आला की ट्रक झटके खायचा आणि पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. "गिअर माजा चुकत न्हाई, ह्येचा चुकतो," आत्या म्हणे. एका गुरुवारी जेवता जेवता तिने जाहीर केले, "गेमिंगचा कंप्युटर बांधायचा. बोर्ड मी निवडनार. दा वर्सं चालंल असा."

माझा घास हातातच राहिला. त्याच महिन्यात डॉक्टरांनी वडिलांना आणि मला केबिनबाहेर बोलावून सांगितले होते की, आत्याचे हृदय फार थकले आहे. दोन वर्षे, फार तर. आत्याला सांगायचे नाही असे घरात ठरले. गोळ्या बीपीच्या आहेत, एवढेच तिला सांगितले होते.

लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानाच्या वर नीलेशचे कॉम्प्युटरचे दुकान आहे. तिथले खोके उघडले की आधी गुळाचा वास येतो. आत्या सुती साडी नेसून, बांगड्या काढून आली होती. "नायलॉन नेसून बोर्डाला शिवायचं न्हाई," असे तिने मला रिक्षात बजावले. दुकानात शिरताच तिने शटरच्या लोखंडाला हात लावला आणि मलाही लावायला लावला. नीलेश बघतच राहिला.

"बोला मावशी, प्रिंटरची शाई का?"

"मदरबोर्ड दाव. गेमिंगचा. भारीतला."

त्याने माझ्याकडे बघितले. मी मान डोलावली. त्याने समोर ठेवलेल्या बोर्डावर लाल-निळे दिवे पळत होते आणि मधोमध एक टीचभर पडदा होता, त्यात मांजर नाचत होते.

"जत्रंतला पाळना हाय का ह्यो?" आत्या म्हणाली. तोवर तिचे लक्ष दुसरीकडेच गेले होते. नीलेशच्या दुरुस्तीच्या टेबलावर कुणा गिऱ्हाइकाचा एक बोर्ड उघडा पडला होता. तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेले भिंग काढले. "ह्येला काय झालंय?"

"चार दिवस मागे लागलोय मावशी. मधेच चालतो, मधेच बंद. सगळं तपासलं."

आत्याने बोर्ड कडेने उचलला, उलटा केला आणि भिंगाखाली इंच इंच सरकवला. दुकानात फक्त खालच्या चिक्कीवाल्याचा आवाज येत होता. मग तिने नखाने एक ठिपका दाखवला. "ड्राय हाय हितं. टाका धरल्याला न्हाई."

नीलेशने पिवळ्या दिव्याखाली तिथे सोल्डरिंगचे गरम टोक टेकवले. बोर्ड चालू झाला आणि चालूच राहिला. त्या क्षणापासून मावशीची आत्या झाली, आणि तिच्यासाठी दुकानातला कुठलाही खोका उघडायला नीलेश तयार झाला.

त्याने तिला धड्यासारखे समजावले. प्रोसेसर बसतो ते सॉकेट नवे असेल तर पुढचे प्रोसेसरही त्यातच बसतील. प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग तापतात. भारी बोर्डात त्यांच्यावर जाड धातूचे ठोकळे असतात, म्हणून तासन्‌तास खेळले तरी बोर्ड दमत नाही. मेमरीला चार जागा, आज दोन भरायच्या, दोन पुढे. आत्या मन लावून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "तापनारा भाग पयला बगायचा. मानूस बी तितंच जळतो."

पुढच्या गुरुवारी नीलेशने पुण्याहून खास मागवलेला बोर्ड काढला. "आत्या, हा टॉपचा. याच्यावर काही नाही."

आत्याने तो हातात घेतला आणि सवयीने उलटा केला. पाठीवर सबंध काळा पत्रा होता.

"ह्येची पाठ कुटं हाय?"

"ते कव्हर आहे, आत्या. मजबुतीला. उष्णता पण बाहेर काढतं."

"काड."

"काढलं तर वॉरंटी जाईल."

"मंग काय लपवलंय?"

"काही नाही लपवलं हो!"

"काय न्हाई तर झाकायचं कशाला?"

नीलेशने मदतीसाठी माझ्याकडे बघितले. मी भिंतीवरच्या चिक्कीच्या कॅलेंडरचा अभ्यास करत होते. मग मला वाटले, तिला साध्या बोर्डाकडे वळवायची हीच वेळ आहे. दहा वर्षे चालेल असा बोर्ड तिच्या हातात बघवत नव्हता. मी म्हणाले, "आत्या, तो खालच्या फळीवरचा साधा घे ना. मेमरीला दोन जागा आहेत. तुला पुरतील."

आत्याने भिंग खाली घेतले. "किती दिस पुरतील?"

"दोन-तीन वर्षं आरामात!" नीलेश उत्साहाने म्हणाला.

मी पुन्हा कॅलेंडरकडे वळले. आत्याने भिंग रुमालात गुंडाळले आणि म्हणाली, "पाठ उगडी आसंल असा मागव. चार जागांचा."

घरी आल्यावर तिने नळाला हात लावला, माझा हात धरून मला पायरीवर बसवले.

"पोरी, तुजी पाठ झाकल्याली हाय."

"म्हणजे काय, आत्या?"

"पुस्तक घ्यायचं तर भारीतलंच घ्यावं, असं एरवी तू मला सांगनार. आन आज म्हनतीस, साधा पुरंल? गोळ्यांच्या पाकिटावर काय लिवलंय ते भिंगानं वाचलं मी. सव्वीस वर्सं बारीक अक्सरच वाचत आले. मेडिकलवाल्याला इचारलं. बीपी म्हनं!"

मी रडायला लागले. ती मला थोपटत राहिली, जणू निकाल माझाच लागला होता.

"मग एवढा मोठा बोर्ड कशाला घेतेस?" मी शेवटी विचारले.

"मला दा वर्सं न्हाईत. बोर्डाला हायती. चार जागा काय म्या एकटीनं भरायच्या? दोन मी भरते, दोन तू भर." मग म्हणाली, "आन मला ठावं हाय हे तुज्या बापाला सांगू नगं. त्येला लपवू दे. त्येला तेवढंच जमतं."

तिसऱ्या बोर्डाची पाठ उघडी होती. आत्याने तो पाऊण तास बघितला. एक गिऱ्हाईक ताटकळून खाली चहा पिऊन आले, पुन्हा जाऊन आले. शेवटी ती म्हणाली, "पास." नीलेशने सुटकेचा असा श्वास सोडला की जणू त्याचेच स्थळ पसंत झाले.

जोडणी आत्याच्या घरी झाली. काम सुरू करण्याआधी तिने नीलेशला नळाला हात लावायला पाठवले. तो बाहेर गेला, आणि बराच वेळ आलाच नाही. मग पडवीतून त्याचा आवाज आला.

"आत्या, हा पाइप प्लॅस्टिकचा आहे."

"मंग?"

"मग करंट जाणार कुठून? प्लॅस्टिकमधून जमिनीत उतरत नाही तो."

आत्या बाहेर आली आणि कंबरेवर हात ठेवून पाइपकडे बघत उभी राहिली. बऱ्याच वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला तेव्हा वडिलांनी जुना लोखंडी पाइप काढून नवा बसवून दिला होता. नळ मात्र तोच पितळी ठेवला होता. तोंड तेच, पाठ बदललेली. आयुष्यभर सगळ्यांच्या पाठी तपासणाऱ्या बाईने स्वतःच्या नळाची पाठ कधी बघितली नव्हती.

"म्हंजी इतकी वर्सं तुमाला करंटासकट जवळ घेत व्हते मी," ती म्हणाली. मग तिला हसू फुटले, आणि ते आवरेना. पदराने डोळे पुसत तिने विचारले, "कोन बंद पडलं का?"

"नाही, आत्या."

"मंग चांगल्या मेकचे हाय तुमी."

त्यानंतरही ती नळाला हात लावतच राहिली. हाताला कुठे ठाऊक होते?

त्या कॉम्प्युटरवर तिने अकरा महिने ट्रक चालवला. ट्रक झटके खात नव्हता, पंखा ओरडत नव्हता. बर्फाच्या डोंगरांतून ती इंडिकेटर देत देत जायची, शेजारी बसून मी वाचत असायची. तिचा माल अजूनही उशिराच पोचायचा.

थंडीत तिला दवाखान्यात हलवले. शेवटच्या दिवशी मी गेले तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. खोलीच्या कोपऱ्यात बेसिन होते. मी आधी तिथे गेले, नळावर पंजा टेकवला आणि मग येऊन तिचा हात हातात घेतला. तिने डोळे किलकिले केले.

"पाइप बगितला का?"

"लोखंडी आहे," मी म्हणाले. मी बघितला नव्हता. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले, आणि ओठांच्या कोपऱ्यातून हसली. रिजेक्ट म्हणाली नाही.

कॉम्प्युटर आता माझ्याकडे आहे. वर्षभर मी त्याचे झाकण उघडले नाही. मागच्या गुरुवारी नीलेशकडून मेमरीच्या दोन पट्ट्या आणल्या, सुती साडी नेसले, बांगड्या काढल्या, आणि कुसगावला जाऊन त्या पितळी नळाला हात लावून आले. रिक्षाने घरी परत येईपर्यंत त्याचा काय उपयोग उरणार होता, ते मला माहीत आहे. मग झाकण उघडून उरलेल्या दोन जागा भरल्या.

संध्याकाळी ट्रक काढला. डोंगर उतरून एका चौकात आले. चारी रस्ते रिकामे होते आणि दिवा लाल होता. मी थांबले.