हेल्गाची हरकत

गप्प बसणाऱ्यांचे किस्से बडबड्यांपेक्षा जास्त साठतात. खोटं वाटतं? मग जर्मनीत एर्लांगेनला आमच्या क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती मंडळींबरोबर एक रविवार बसून बघा. माझ्या लेकीची सासू हेल्गा तिथली जुनी. तिच्या नादानं मी जायला लागले. ना पाद्री, ना प्रवचन! तासभर गप्प बसायचं, आणि ज्याला आतला प्रकाश सांगेल त्यानंच उठून बोलायचं.

*

एका हिवाळ्यात अशीच सगळी गप्प बसलेली. एक गृहस्थ डोळे मिटून उठले. मी सरसावून बसले. म्हणाले, "खिडकी उघडा." थोड्या वेळानं एका बाईंना प्रकाश दिसला, "बंद करा!"

इथे मतदान नसतं. एकाचीही हरकत असली की विषय पुढच्या महिन्यात. खिडकीवर एकमत व्हायच्या आत उन्हाळा आला!

*

यांच्या पूर्वजांबद्दल मी शब्दकोश घेऊन स्वतः वाचलंय, कुणी शिकवायला आलं नव्हतं. देवापुढे सगळे सारखे, म्हणून न्यायाधीशापुढेही टोपी काढायची नाही! तुरुंगात गेले, पण टोपी डोक्यावर. बहाद्दर माणसं!

सभा चालवणारे डीटरराव हे फार रंगवून सांगतात. त्यांच्या दारावर पाटी आहे, 'प्रोफेसर डॉक्टर'. मी विचारलं, "त्यांनी टोपी ठेवली ते छान. तुम्ही पाटी कधी काढताय?"

"हो, हो," म्हणाले, "यावर शांतपणे विचार करायला हवा."

*

आमच्या दोघींची नात मीरा. तिनं ठरवलं, लग्न याच सभेत. इथे लग्न लावायला कुणी नसतं. दोघांनी उभं राहून एकमेकांना वचन द्यायचं. पण आधी सभेची संमती हवी. मुलगा योनास गुणी, पण नोकरी सैन्यात! आणि क्वेकर म्हणजे युद्धाला ठाम नकार. हेल्गानं हरकत घेतली. पोरीनं रडून डोळे सुजवले.

"अहो विहीणबाई, तो तिथे स्वयंपाकी आहे! बटाटे सोलतो!"

"सैन्याचे बटाटे," हेल्गा म्हणाली.

*

चौकशीला सभेतले दोन ज्येष्ठ माझ्या घरी आले. योनासनं केलेले बटाट्याचे गोळे खात खात त्यांनी विचारलं, "या जेवणानं सैनिकाला बळ येत नाही का?"

मी म्हटलं, "मग वाईट रांधायला सांगू?"

"तर मग," एक जण चमचा चाटत म्हणाले, "हाही एक मार्ग आहे."

*

शेवटी निर्णयाची सभा. सगळे राजी, हेल्गा अडून. मीरा हेल्गाआजीला म्हणाली, "ओमा, तू नाही म्हणालीस तर मी इथे पुन्हा पाऊल टाकणार नाही." हेल्गा ढिम्म. मी तोंड उघडणार, तोच डीटररावांनी हात वर केला. शांतता!

बऱ्याच वेळानं हेल्गा उठली. आत चहाबरोबरचा केक कापत असलेल्या योनासला तिनं बाहेर बोलावलं. तो केकचा ट्रे घेऊनच आला.

"शत्रूचा सैनिक ताट घेऊन तुझ्यापुढे उभा राहिला तर काय करशील?"

"वाढीन," योनास म्हणाला. "रांगेत मी ताट बघतो, ओमा. तोंड बघायला वेळ कुठे असतो?"

डीटररावांनी घसा खाकरून विचारलं, "अजून कुणाची हरकत?"

हेल्गानं टेबलावरची रिकामी बशी उचलली आणि योनासपुढे धरली.