इस्माईलचाचांचे तरणेताठे कान

आधी कबूल करा, हसणार नाही म्हणून. कारण हा घोटाळा आठवला की अजूनही माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात!

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी पीएचडी करत होतो. विषय काय, तर वय झाल्यावर खेळाडूंचे डोळे-कान किती शाबूत राहतात आणि त्यानं खेळावर काय फरक पडतो. मुदत वाढवून वाढवून संपत आलेली. आमच्या गाइड म्हसकरबाईंनी स्वच्छ बजावलं, "सुधीर, दिवाळीपर्यंत काहीतरी दाखव, नाहीतर वडिलांचे कापडाचे लूम सांभाळ!"

आता भिवंडीच्या माणसाला म्हातारे कबड्डीवाले शोधावे लागतात होय? आमच्याच आळीत ढिगानं! त्यातले वस्ताद म्हणजे इस्माईलचाचा. सत्तरीला टेकलेले, उभा जन्म लूमच्या खडखडाटात गेलेला, तरी पकड अशी की तरणा गडी जागच्या जागी बसे.

मी कॉलेजातून कान तपासायचं मशीन आणलं. शुक्रवारी लूम बंद, म्हणजे शांतता. चाचांनी हेडफोन लावायचे, मी बटण दाबून बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्यांनी बोट वर करायचं. पुस्तकात लिहिलेलं, माणसाला आपल्याकडे पाठ करून बसवा.

पाठ करून? अहो, ज्यांनी मला खांद्यावर बसवून उरूस दाखवला, त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवू? आळीनं जोड्यानं मारलं असतं मला! बसलो समोरासमोर. मधे चहा.

बटण दाबलं, बोट वर. आवाज कमी केला, बोट वर. आणखी कमी... तरी बोट वर!

"चाचा, खरंच येतंय ना?"

"मग काय मजाक करतोय मी? तू चालू ठेव!"

शेवटी मांजरही कान टवकारणार नाही इतका बारीक आवाज सोडला. बोट वर! बाकीच्या म्हाताऱ्यांचंही तेच. मी तर उडालोच. बाप रे! कबड्डीनं कान म्हातारेच होत नाहीत? आणि हे जगात कुणालाच ठाऊक नाही? आईनं लगेच देवापुढे साखर ठेवली. मी धावत जाऊन बाईंना फोन लावला.

"अशक्य!" बाई ओरडल्या. "लूमवर जन्म काढलेला माणूस? मी स्वतः येते."

पुढच्या शुक्रवारी बाई आल्या. बघायला आख्खी आळी लोटली. मी बटण दाबतोय, चाचांचं बोट वर, लोकांच्या टाळ्या! बाईंनी आ वासलेला. माझी छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटायचं बाकी.

मग बाई उठल्या, मशीनच्या मागे गेल्या आणि गुपचूप हेडफोनची वायर उपटली.

"आता दाब."

दाबलं. बोट वर!

मी ओरडलो, "चाचा! वायर काढलीय! काय ऐकताय तुम्ही?"

चाचांनी शांतपणे हेडफोन उतरवले. "ऐकतंय कोण? माझे कान तर कधीच गेले!"

"मग बोट कशाला वर करत होता?"

"अरे, तू बटण दाबलंस का भुवया केसांपर्यंत चढतात तुझ्या! लूममधे कुणाचं कुणाला ऐकू येतं काय? तोंड बघूनच सगळं चालतं. कबड्डीत पण तेच, चढाईवाला कुठं घुसणार ते त्याच्या तोंडावर दिसतं. मला वाटलं, तेवढंच तपासतोयस."

आळी खो खो हसत सुटली. मी मात्र मटकन खाली बसलो. गेली पीएचडी! आता वडील आणि लूम.

"बाई... माझं आता काय?"

बाई पदरानं डोळे पुसत होत्या. हसून हसून पाणी आलेलं. "अरे, कान सोड, हाच विषय घे. सत्तरीतला खेळाडू समोरच्याचा चेहरा कसा वाचतो! मिळेल तुला मुदत. फक्त समोर बसायला दुसरा कुणीतरी बघ."

माझ्या जिवात जीव आला. पण चाचा सगळं बाईंच्या ओठांवरून टिपत होते. ते म्हणाले, "हां मॅडम, दुसराच बघा. याला समोर बसवलात, तर आंधळासुद्धा पास होईल!"