खाजाभाईच्या लिंबाचा जामीन

फाल्गुनात कडुलिंबाखाली झाडू मारून बघा. अंगण लख्ख करून पाठ वळवावी, तोवर मागं पुन्हा तेवढाच पाला पडलेला. आप्पा वकिलांच्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून संपवला की दुसरा टपकतोच, आणि तो सांगितल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

तिसाव्या सालाच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस असतील. आमची चौघांची टोळी होती. आप्पा मूळचे वेंगुर्ल्याचे, वकिली करायला सोलापुरात आलेले. नरसय्या साड्या विणायचा, दोर आणि गाठी म्हणजे त्याच्या घरचा कारभार. खाजाभाईचा टांगा होता. चौथा मी, हायस्कुलात गणित शिकवणारा. रविवारी सकाळी आम्ही लोकांच्या परसातली जुनी झाडं बघत हिंडायचो. कुठं वाळकी फांदी उतरव, कुठं मुळावर पाला पसर. माझ्याकडं काम एकच, शिडी धरायची. "घरच्या तुळशीला पाणी घाला म्हटलं तर यांची कंबर दुखते," असं आमची मंडळी सगळ्या पेठेला सांगत असे, आणि ते काही खोटं नव्हतं.

आमची बैठक शुक्रवार पेठेत, खाजाभाईच्या अंगणातल्या लिंबाखाली. लिंब त्याच्या वडिलांनी लावलेला. म्हातारी अम्मा दिवसभर त्याच्याखाली बाजेवर असायची, शेजारी घोडा. लिंबाची एक दांडगी फांदी शेजारच्या सिद्रामप्पांच्या घरावर, मातीच्या माळवदावर गेलेली. सिद्रामप्पा दर आठवड्याला भिंतीवरून म्हणायचे, "खाजाभाई, झाड तोडा की." आणि अम्मा म्हणायची, "झाड गया तो मैं भी गई समझो." खाजाभाई दोघांच्या मधे बिचारा. तर हे भांडण मागं सतत चालू होतं, एवढं ध्यानात ठेवा आणि आता बाकीचे किस्से ऐका.

*

आप्पांनी सोलापुरात आल्या आल्या काय केलं असेल? सात रस्त्याजवळ भाड्याचं घर घेतलं. दारात जुनी चिंच. पावसाळा तोंडावर आला तसे हे कुदळ घेऊन उठले आणि चिंचेभोवती चांगले चर खणून पाणी बाहेर जायला वाट करून दिली. कोकणात असंच करतात, नाहीतर मुळं कुजतात. इथं आधीच पाऊस चार थेंब, तेही आप्पांनी रस्त्यावर घालवले. पुढच्या उन्हाळ्यात चिंचेनं माना टाकल्या.

आप्पांनी मग चर बुजवले, सावलीच्या कडेनं आळं केलं आणि उन्हाळाभर कोर्टात जायच्या आधी स्वतः विहिरीचं पाणी ओढून घातलं. चिंच वाचली. आम्ही चिडवायला गेलो तर म्हणाले, "वेंगुर्ल्याचं औषध सोलापूरच्या पेशंटला दिलं, दुसरं काय! औषध चांगलंच होतं हो." चूक कबूल करतानासुद्धा औषधाची बाजू सोडायची नाही. हाडाचा वकील.

*

एक पेन्शनर रावसाहेब होते. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी परसातल्या पिंपळाला देखणा दगडी पार बांधला आणि आत खोडाला कंबरेपर्यंत माती भरून घेतली. पिंपळ वरून वाळायला लागला. आप्पा म्हणाले, "माती काढा. झाडाचा श्वास कोंडलाय."

रावसाहेबांना अपमान वाटला. "झाडाला नाक कुठं असतं, वकीलसाहेब?"

"असतं. तुम्हाला दिसलं नाही, म्हणून तर पुरलंत."

रावसाहेब दोन रविवार आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या रविवारी गेलो तर धोतराचा काचा मारून स्वतःच माती उपसत होते. मला बघून म्हणाले, "मास्तर, शिडी नको आज. घमेलं धरा." आयुष्यात पहिल्यांदा मला बढती मिळाली.

*

नरसय्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्याच्या मागाच्या शेडवर वडाची फांदी आली होती. लाकूडतोडे आले असते तर वरून घाव घालून मोकळे झाले असते, आणि फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून घेऊन गेली असती. आप्पांची पद्धत वेगळी. आधी खालून थोडं कापायचं, मग वरून, आणि फांदी दोरावर तोलत उतरवायची. दोर नरसय्याच्या हातात. फांदी इतकी अलगद खाली आली की तिच्यावरचं कावळ्याचं घरटं जसंच्या तसं. अंडीसुद्धा!

मी म्हटलं, "नरसय्या, एवढा जीव कशाला ओतायचा?"

तो म्हणाला, "मास्तर, मागावर धागा तुटला तर गाठ मारता येते. हितं गाठ कुठं मारायची?"

घरटं आम्ही शेजारच्या फांदीला बांधून दिलं. कावळ्यांनी आभार म्हणून माझ्या टोपीवर चोची मारल्या. शिडी धरणारा हलू शकत नाही हे त्यांना बरोबर कळलं होतं.

*

आता कोर्टातला. आप्पा ऐन रंगात उभे, उलटतपासणी चाललेली. तेवढ्यात खिडकीतून त्यांना दिसलं की आवारातल्या शिरसावर कोणीतरी चढून शेळ्यांसाठी सपासप फांद्या तोडतंय. आप्पा वाक्य अर्धवट टाकून, गाऊनसकट बाहेर.

जज्जसाहेबांनी कागदातून डोकं वर काढलं. "वकील कुठं गेले?"

आप्पांचा अशील, बार्शीकडचा साधा शेतकरी, हात जोडून उठला. "साहेब, त्यांचा दुसरा अशील लई अडचणीत हाय. येतीलच."

जज्जसाहेब हसले आणि थांबले. आप्पा गाऊनला पाला चिकटलेला तसाच घेऊन आले, आणि खटला जिंकले. अशिलानं घरी जाताना शिरसाला नमस्कार केला म्हणतात. मी पाहिलं नाही, पण माझा विश्वास आहे.

*

आणि आता लिंबाचा.

एका वर्षी पावसाच्या तोंडावर सिद्रामप्पांनी भिंतीवरून बोलणं सोडलं आणि सरळ अंगणात, आमच्या बैठकीत आले. "वकीलसाहेब, भांडायला न्हाय आलो. सून पोटुशी हाय. तिची खोली बरोबर ह्या फांदीखाली. दुसरी खोली न्हाय, पोरीला म्हायेर न्हाय. वाऱ्यानं फांदी आली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

माणूस रास्त बोलत होता.

आप्पांनी लिंबाला फेरी मारली. खोडावर लाकडी हातोडीनं ठोकून आवाज ऐकला. नरसय्याला वर चढवून फांदीच्या शेंड्याचं ओझं हलकं केलं, वाळकं काढलं. मग म्हणाले, "सिद्रामप्पा, एवढी दांडगी फांदी काढली तर जखम भरायची नाही, पण झाड धडधाकट आहे. मी त्याला जामीन राहतो."

"जामीन म्हंजे?"

"तुमची सून पावसाळाभर माझ्या घरी. तेच तिचं माहेर. आणि तिच्या खोलीत मी झोपतो."

सिद्रामप्पा गोंधळले. हळूच म्हणाले, "पर तुमच्यात मासं शिजतंय की. आमची पोर माळकरी घरची."

"पावसाळाभर शिजणार नाही."

वेंगुर्ल्याच्या माणसानं झाडापायी मासे सोडले! याहून मोठा त्याग मी तरी पाहिलेला नाही. वहिनींनी त्या सुनेला, गौरव्वाला, पोटच्या लेकीसारखी घरात घेतली, आणि आप्पा वळकटी घेऊन फांदीखाली राहायला गेले.

आणि नेमकं त्याच वर्षी सोलापुरात आक्रीत झालं. झड लागली. वारा नाही, गडगडाट नाही, कोकणातल्यासारखा नुसता भुरभुर पाऊस, दिवसामागून दिवस. लोक शाली पांघरून हिंडू लागले. काळी माती लोण्यासारखी झाली. आप्पांनी लिंबाभोवती चर खणले, चिंचेला खणले होते तसेच. "बघा मास्तर," म्हणाले, "औषध चांगलं होतं म्हटलं नव्हतं?" तिकडं सिद्रामप्पांनी फांदीचं पाणी ठिबकतं म्हणून माळवदावर मातीचा आणखी एक थर चढवला. एरवी एक थर टाकतात, यांनी भीतीपोटी थरावर थर दिले होते.

एका सकाळी आम्ही लिंबाखाली जमलो होतो. आप्पा नुकतेच उठून आले होते, अम्मानं त्यांच्या हातात चहाची कपबशी दिली होती. एवढ्यात भिंतीपलीकडं धाडकन आवाज झाला आणि धुरळ्याऐवजी चिखल उडाला.

आम्ही धावलो. गौरव्वाची खोली खाली बसली होती. भिजलेल्या मातीच्या भारानं माळवद तुळईसकट आप्पांच्या खाटेवर आलं होतं, खाटेचे तुकडे झाले होते. वर उघड्या आभाळात लिंबाची फांदी जिथल्या तिथं होती. एक डहाळीसुद्धा मोडली नव्हती.

सिद्रामप्पा अनवाणी धावत आले. "वकीलसाहेब! वकीलसाहेब!" करत चिखल उकरायला लागले. आप्पांनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सिद्रामप्पांनी वळून बघितलं, आणि तिथंच चिखलात बसून लहान पोरासारखे रडायला लागले. "माजी सून हितं असती की वो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आप्पा त्यांच्याजवळ उकिडवे बसले. कपबशी अजून हातातच होती. ती त्यांनी सिद्रामप्पांच्या हातात दिली आणि म्हणाले,

"सिद्रामप्पा, जामीन मी झाडाला राहिलो होतो. घराला नव्हे."